परतीची हमी

मराठी माणसाच्या परदेशगमनाचा जो वृत्तांत आपल्या वाङ्मयात नमूद झाला आहे, तो बहुतांशी तरुणांचा आणि शिकलेल्यांचा आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या एकाच वर्षी, १८८३ मध्ये. दोघींपैकी एकीनेही तेव्हा वयाची तिशी गाठली नव्हती. त्यांच्यामागून गेलेले बॅरिस्टर, डॉक्टर आणि मुलकी परीक्षेचे उमेदवार हेही विद्यार्थिदशेतलेच होते. ज्याचे केस शेतात पिकले, ज्याचे अक्षरज्ञान स्वतःच्या सहीपाशी थांबले आणि ज्याने देशाची सीमा साठी उलटल्यावर पहिल्यांदा ओलांडली, अशा खेडुताला या वृत्तांतात फारशी जागा मिळालेली नाही. वस्तुतः दूरचा प्रवास हा आपल्या ग्रामीण समाजात शतकानुशतके वृद्धांचाच अधिकार होता, आणि त्यांच्या परदेशप्रवासाचा धागा त्या जुन्या अधिकाराशीच जुळलेला आहे, हे एखादा मुलूख निवडून बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते. प्रस्तुत लेखासाठी निवडलेला मुलूख नागपूर जिल्ह्यातील कुहीचा आहे.

कुही हे नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरांवरचे तालुक्याचे गाव; स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी ते उमरेड तहसिलीत मोडत असे. पूर्वेकडे वैनगंगा ही या मुलखाची हद्द. तिच्या काठी अंभोरा येथे कन्हान आदी नद्यांचा संगम असून, मुकुंदराजाने आपला ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये येथेच रचला, असे स्थानिक परंपरा मानते. मराठवाड्यातील अंबेजोगाईही त्याच मानावर हक्क सांगते, ही गोष्ट निराळी. तालुक्यातील मांढळ येथे वाकाटकांचे ताम्रपट सापडले आणि अडम येथील उत्खननाने इसवी सनापूर्वीचे तटबंदीचे नगर उजेडात आणले. तात्पर्य, हा प्रदेश जगापासून तुटलेला असा कधीच नव्हता. मात्र त्यातील सामान्य कुणबी, तेली, कोष्टी वा महार कुटुंबाच्या आयुष्यात दूर जाण्याचा योग येई तो एकाच निमित्ताने, आणि ते निमित्त म्हणजे तीर्थयात्रा.

या यात्रेला वयाचे बंधन होते. अंभोऱ्याला वा रामटेकला जाणे हे वर्षाकाठचे काम. पचमढीच्या महादेवाला जाणे हे तरुणांच्या पायांचे काम. परंतु काशीस जाणे हे मुलाबाळांचे दोनाचे चार हात झाल्यावरचे, घरची कारभारीण म्हणून सून उभी राहिल्यावरचे कर्तव्य मानले जाई. त्यापूर्वी जाणारा माणूस संसार टाकून पळाला, असाच गावाचा ग्रह होई. शिवाय जाणाऱ्याला काही गोष्टी निस्तरूनच निघावे लागे. सावकाराचे देणे चुकते करणे किंवा निदान मुलाच्या अंगावर कबूल करून घेणे, शेताची वाटणी चार जणांसमक्ष ठरवणे, भावकीतले अबोले मिटवणे आणि मग शिदोरी बांधून वेशीपर्यंत वाजतगाजत निरोप घेणे, असा हा क्रम होता. त्या निरोपात “जगलो-वाचलो त भेटू” हे शब्द केवळ बोलण्याची रीत म्हणून येत नसत. पायी वा छकड्यातून निघालेल्या या मंडळींपैकी पटकीने, हिवतापाने वा नुसत्या थकव्याने वाटेतच संपणारी असत, आणि काशीत मरण आले तर ते भाग्यच समजले जाई. सारांश, जुन्या यात्रेकरूला गावापुढे एकच गोष्ट सिद्ध करावी लागे, ती ही की तो परत न येण्यासही तयार आहे. परत आलाच तर गंगापूजन होई, गावाला जेवण घातले जाई, आणि त्या दिवसापासून त्याच्या शब्दाला पंचायतीत अधिक वजन येई.

लोखंडी रस्त्याने या व्यवस्थेला पहिला धक्का दिला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेची वाट खुली केली. आणि १९०८ मध्ये नागपूर-नागभीड हा अडीच फूट रुंदीचा छोटा मार्ग सुरू झाला तेव्हा कुहीलाच स्टेशन मिळाले. इतवारीहून निघणारी ती धिमी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत शतकाहून अधिक काळ या मुलखाचे दार होती. तिने काशीचे महिन्यांचे अंतर दिवसांवर आणले. परतणे हा अपवाद न राहता नियम झाला, आणि वाटणी करून निघण्याची गरज हळूहळू ओसरली. वयाची अट मात्र तशीच राहिली. रेल्वेने वेळ वाचवला. यात्रेला जाण्याचा मान कोणाचा, हे ठरवणे तिच्या हाती नव्हते.

समुद्र ओलांडण्याचा प्रश्न वेगळा होता. सिंधुगमनाच्या निषेधावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यामुंबईत वर्तमानपत्री रणे माजली, प्रायश्चित्ते झाली, ग्रामण्ये उठली. परंतु कुहीच्या कुणब्याला त्या वादाचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्या तीर्थांपैकी एकही समुद्रापलीकडे नव्हते. ज्यांचे होते ते मुसलमान. कामठीचे विणकर, नागपूरचे व्यापारी आणि उमरेड-कुहीकडील थोडीबहुत मुसलमान घरे यांच्यासाठी हज हे दूर देशीचेच कर्तव्य होते, आणि तेही बहुधा उतारवयातच पार पाडले जाई. कारण हजची अटच अशी की कर्ज फेडलेले असावे, घरच्यांच्या निर्वाहाची तजवीज झालेली असावी आणि मगच निघावे. काशीच्या यात्रेकरूची तयारी आणि हाजीची तयारी यांतील हे साम्य शेजारी राहणाऱ्या दोन्ही समाजांना सहज उमगत असले पाहिजे.

हजच्याच निमित्ताने सरकार आणि यात्रेकरू प्रथम समोरासमोर आले. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांतील दाटी व हाल यांची ओरड वाढल्यावर हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये टॉमस कुक कंपनीकडे या वाहतुकीची व्यवस्था सोपवली आणि दहा वर्षांच्या आत तो प्रयोग आटोपला. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना विलगीकरणासाठी उतरवले जाई. याहून मोठी अडचण परतीची होती. जाण्यापुरतेच पैसे गाठीला बांधून निघालेले कित्येक निर्धन यात्रेकरू जेद्दाच्या किनाऱ्यावर अडकून पडत, आणि त्यांना सरकारी खर्चाने आणावे लागे. अखेर १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट काढण्याची किंवा त्याची रक्कम अनामत ठेवण्याची सक्ती झाली. या कलमात एका मोठ्या बदलाचे मूळ आहे. जो भाविक पवित्र भूमीत देह पडला तर धन्य मानणार होता, त्याच्याकडून राज्यसंस्थेने प्रथमच परत येण्याची हमी मागितली.

स्वातंत्र्यानंतर हजची वाट अधिक सरळ झाली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटनजीक साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे, मोगल लाइनच्या बोटीत बसायचे आणि बारा ते पंधरा दिवसांनी जेद्दाचा किनारा पाहायचा, असा तो प्रवास होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या, त्यांच्या क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. जहाजांची ही वाहतूक १९९५ मध्ये संपली आणि पुढे हजची विमाने नागपूरहूनच सुटू लागली. पूर्वी हाजीला त्या एका यात्रेपुरता स्वतंत्र यात्रापास मिळे. सौदी सरकारच्या नियमामुळे २००९ पासून सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय पासपोर्ट आवश्यक ठरला. यामुळे खेड्यातल्या वृद्ध हाजीलाही तेच पुस्तक मिळवावे लागले, जे परदेशी नोकरीला निघालेल्या तरुणाला लागते. उलट सत्तरी ओलांडलेल्यांना चिठ्ठ्यांच्या सोडतीतून वगळून राखीव जागा देण्याची प्रथा हज समितीने पाडली, म्हणजे वृद्धांचा जुना अग्रहक्क नव्या नियमावलीतही टिकला.

आता या पासपोर्टकडे वळू. गोऱ्या अमदानीत आणि नंतरही काही वर्षे पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी समजली जाई. १९५४ मध्ये देशात पहिली पाच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये उघडली, त्यांत मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास यांच्या पंक्तीला नागपूर होते. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंह साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यातच येतो असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. हक्क तर मिळाला. तो बजावण्यासाठी लागणारा कागद मात्र कुहीच्या म्हाताऱ्याजवळ नव्हता.

कारण त्याचा जन्म कोणी आणि कसा लिहिला, हा प्रश्न होता. जुन्या मध्य प्रांतात जन्ममृत्यूची वर्दी गावचा कोतवाल ठाण्यावर देई. तो स्वतः बहुधा निरक्षर महार असे. गावातल्या लिहिणाऱ्याकडून त्याच्या पुस्तकात नोंद होई आणि ठाण्यावर ती रजिस्टरात उतरे. या कोतवाल बुकाच्या नकला आजही तहसील कचेरीच्या अभिलेखागारातून काढल्या जातात, विशेषतः जातीच्या दाखल्यासाठी. त्या नकलेत तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, मुलगा की मुलगी हे असते. परंतु मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण वर्दी दिली गेली तेव्हा बारसेच झालेले नसे. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले त्यांची नोंद दाखल-खारीज रजिस्टरात सापडते. पण तेथे गुरुजींनी वयाचा अदमास बांधून एक ठरावीक तारीख टाकलेली असते. महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य माणसे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली, त्याचे कारण हेच. स्त्रियांचा मामला आणखी बिकट. माहेरी एक नाव, लग्नात बदललेले दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरे आणि मतदारयादीत कारकुनाने ऐकले तसे चौथे. आयुष्यभर ज्या बाईला अमक्याची माय म्हणून हाक मारली गेली, तिला सत्तराव्या वर्षी आपले पूर्ण नाव एकसारखे लिहिलेले कागद गोळा करावे लागले. ‘निशाणी डावा अंगठा’ या तीन शब्दांच्या सोयीवर ज्यांचे खरेदीखत, गहाणखत आणि सोसायटीचे कर्ज निभावले, त्यांच्या शेतकामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, ही त्यावरची कडी.

कुही तालुक्यात या कागदांना आणखी एक दुःखद पदर आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने वैनगंगेकाठची गावे बुडिताखाली गेली आणि त्यांतील कुटुंबे पुनर्वसनात हलली. पासपोर्टावर जन्मस्थानाचा रकाना असतो. तेथे जे गाव लिहिले जाते ते नकाशावर शोधू जाता पाण्यात निघते. परदेशच्या अधिकाऱ्याला या गोष्टीची कल्पना असण्याचे कारण नाही, आणि तशी ती सांगायला रकानाही नाही.

पासपोर्टाशिवाय सहज पोहोचता येईल असा परदेश म्हणजे नेपाळ, आणि या मुलखातील पुष्कळ वृद्धांनी पहिली परभूमी पाहिली ती तीच. ३१ जुलै १९५० च्या तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या मुलखात मोकळी ये-जा मिळाली. काशी-प्रयागच्या यात्रा-बसगाड्या पुढे पशुपतिनाथापर्यंत जाऊ लागल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धर्म स्वीकारला आणि लाखोंना दिला, तेव्हा याच प्रदेशातील एका मोठ्या समाजाचे तीर्थक्षेत्रच बदलले. ज्यांच्या वाडवडिलांना रामटेकच्या देवळाची पायरी मना होती, त्यांच्यासाठी आता बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि सोनौलीची हद्द ओलांडून लुंबिनी अशी नवी चतुःसीमा आखली गेली. ती ओलांडताना दोन गोष्टी प्रत्येकाच्या ध्यानात येत. एक, पाचशेच्या नोटा तिकडे चालत नसल्याने शंभराच्या व त्याखालच्या नोटा जवळ बाळगाव्या लागत. दुसरी, नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असते. परदेश म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना या पंधरा मिनिटांनी दिला.

लुंबिनीत १८९६ मध्ये सापडलेला अशोकाचा शिलास्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी सम्राट येथे स्वतः आला, आणि भगवान बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा ‘बली’ हा कर माफ करून उत्पन्नातील राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरलेले आहे. ज्याने मालगुजारी पाहिली, आणि १९५१ मध्ये ती संपलेली पाहिली, अशा शेतकऱ्याला या लेखाचा अर्थ पंडिताइतकाच, कदाचित त्याहून नेमका कळतो. साऱ्याची सूट हे राजाच्या भक्तीचे त्याला पटणारे प्रमाण असते. धम्माच्या या नात्याने परदेशही उलट पावली इकडे आला. जपानी भिक्षू सुरेई ससाई नागपूरला येऊन राहिले आणि भारतीय नागरिक झाले. १९९९ मध्ये कामठीत जपानच्या ओगावा संस्थेच्या साहाय्याने ड्रॅगन पॅलेस विहार उभा राहिला. पुन्हा वयाच्या मुद्द्याकडे यायचे तर, नेपाळच्या हद्दीवर पासष्ट वर्षांवरील भारतीयाला ओळखीच्या कागदांत सवलत आहे. पासपोर्ट किंवा मतदारपत्र नसले तरी शिधापत्रिकेसारखे इतर दाखले त्याला चालतात. तरुणाबद्दल जो संशय सरकारला असतो तो म्हाताऱ्याबद्दल नसतो. मजुरांच्या परदेशगमनावर देखरेख ठेवणाऱ्या १९८३ च्या कायद्याच्या अंमलातही, मॅट्रिक न झालेल्याला लागू होणारी तपासणी पन्नाशी ओलांडलेल्याला माफ आहे. या वयाचा माणूस पोटासाठी देशांतर करणार नाही, हे त्यामागचे गृहीत. यात्रेचा अधिकार वृद्धांना देणाऱ्या जुन्या गावाचा तर्क यापासून फार लांब नव्हता.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र एक तिसरे निमित्त उभे राहिले, ज्याचा तीर्थाशी संबंध नाही. कुही-उमरेडची मुले नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पुण्या-बंगळुरूला आणि तेथून अमेरिका-युरोपला गेली, आणि त्यांच्या घरी पाळणा हलायची वेळ आली तेव्हा गावाकडच्या आईची गरज भासली. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला जाणे आले. वांकानेरच्या संस्थानिकांचा जो वाडा लिंकन हाऊस म्हणून ओळखला जाई, त्यापुढे समुद्राच्या वाऱ्यात रांगा लागत, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्यावर रांगाही तिकडे गेल्या. तेथे खिडकीपलीकडे बसलेला अधिकारी जे विचारतो त्याचे मर्म त्यांच्या कायद्यात आहे: अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे तो कायदा धरून चालतो, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकतो. म्हणून खेड्यातले आईबाप फायलीत सात-बाराचे उतारे, घराची करपावती, बँकेचे पुस्तक आणि मागे राहणाऱ्या मुलामुलींची नावे घेऊन जातात. आजोबांनी काशीला निघताना ज्या जमिनीची वाटणी करून मन मोकळे केले, तीच जमीन नातवाच्या काळात स्वतःच्या नावावर दाखवल्याखेरीज विमानात पाऊल पडत नाही. १९२५ च्या जहाजी कायद्याने जी अनामत पैशात मागितली, तीच आता संसाराच्या पाशांत मोजली जाते.

हाच उतारा आणखी एका दाराशी उपयोगी पडतो. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २००४-०५ पासून शेतकऱ्यांचे परदेश अभ्यासदौरे सुरू केले. खर्चाच्या निम्मी, परंतु एक लाखाच्या मर्यादेतील रक्कम सरकारने सोसायची, अशी मूळ योजना होती. अर्जाला सात-बारा आणि आठ-अ जोडावे लागतात. या दौऱ्यांवर नेदरलँड्समधील हरितगृहे आणि इस्राएलमधील ठिबक सिंचन पाहून आलेला शेतकरी देवदर्शन वा नातवंड यांपैकी कोणतेही निमित्त न सांगता परदेशी गेला, ही गोष्ट या मुलखाच्या प्रवासेतिहासात खरोखरच नवी आहे. २०२४ मध्ये राज्याने साठीपुढील नागरिकांसाठी तीर्थदर्शन योजना काढली, माणशी ३०,००० रुपयांपर्यंत; तीत स्थळे देशांतर्गतच आहेत. सरकारच्या लेखी वृद्धाचा प्रवास अजूनही तीर्थाचाच, आणि परदेश हा उत्पादक वयाचा विषय आहे, असे या दोन योजना शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते.

जे व्यवहारात घडते आहे ते याच्या विरुद्ध दिशेचे आहे, आणि त्याचा खरा भार स्त्रियांवर आहे. तीर्थयात्रेत बायको नवऱ्यामागून गेली. पुण्य दोघांचे, पण निघण्याचा निर्णय त्याचा. लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी मात्र बोलावणे येते ते आईला. सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी आणि गोठ्यातली जनावरे यांमुळे म्हातारा मागे राहतो, आणि जिने नागपूरही कोणाच्या सोबतीवाचून पाहिले नव्हते ती बाई दोहा वा शारजाच्या विमानतळावर विमान बदलते. व्हिसाचे सहा महिने हे तिचे चातुर्मासापेक्षाही लांब व्रत ठरते. पोराचे न्हाऊमाखू, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू यांत ते सरते, आणि मुदत संपण्याच्या सुमारास तिची जागा घ्यायला विहीणबाई येतात. अशा रीतीने दोन घरांच्या वृद्ध स्त्रिया एका परक्या शहरात पाळीपाळीने राहून परततात. गावी त्यांच्यासाठी गंगापूजन होत नाही, पंचायतीत त्यांच्या शब्दाला वजन येत नाही. कारण त्यांनी मिळवले ते पुण्य नसून, केले ते घरकाम होते, असे गावाला वाटते. काशीहून आलेल्या म्हाताऱ्याला जो मान मिळाला, त्याच्या मोलाचे धाडस या बायांनी केले आहे. बाळंतपण हे ज्या कामाचे नाव, त्याने आजवर बाईला माजघरात बांधून ठेवले होते. त्याच कामाने तिला आता गावातल्या कुठल्याही यात्रेकरूपेक्षा लांब नेले, आणि परत येण्याची हमी तिच्याइतकी चोख कोणीच पाळली नाही. कुहीच्या प्रवासाचा पुढचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिला मान तिला द्यावा, हे न्यायाचे होईल.